फ्लू बरा झाला तरी टी सेल फुफ्फुसातच मुक्काम करतात

फ्लू होऊन गेला की आता इम्युनिटी आली असं आपण सहज म्हणतो, आणि ती मोजायची म्हटलं की रक्त देऊन अँटीबॉडी बघतो. पण फुफ्फुसाच्या बाबतीत रक्ताचा रिपोर्ट अर्धीच गोष्ट सांगतो, कारण इन्फेक्शननंतर तयार झालेल्या मेमरी टी सेलपैकी, म्हणजे व्हायरस लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी, काही रक्तात परत येतच नाहीत, जिथे लढल्या तिथेच राहतात. तालुक्याहून पोलिसांची गाडी येण्याआधी गावातला पोलीस पाटील हजर असतो ना, तसं काम त्या करतात.

हे शोधलं कसं, ते मला सगळ्यात भारी वाटतं. फुफ्फुसात रक्तवाहिन्यांचं एवढं जाळं असतं की उंदराचं फुफ्फुस काढून सेल मोजल्या तर त्यात रक्तातल्याच भरपूर येतात, मग तिथे राहणाऱ्या कोणत्या हे कसं ओळखायचं? तर चमकणारा रंग जोडलेल्या अँटीबॉडी उंदराच्या शिरेत सोडायच्या आणि काही मिनिटांतच फुफ्फुस काढायचं. तेवढ्या वेळात त्या रक्तातल्या सेलना चिकटतात पण आत टिश्यूपर्यंत पोचत नाहीत, म्हणजे ज्यांना रंग लागला नाही त्या आतल्या.

माणसावर असं करता येत नाही. पण कोलंबिया युनिव्हर्सिटीत डॉना फार्बर यांच्या टीमने फुफ्फुस ट्रान्सप्लांट झालेले पेशंट बघितले. दाता आणि पेशंट यांचे एचएलए, म्हणजे सेलवरच्या ओळखीच्या खुणा, वेगळे असले की कुठली सेल कोणाची ते कळतं. दुर्बीण घालून फुफ्फुसात थोडं सलाईन सोडतात आणि परत ओढून घेतात, त्या पाण्यात दात्याच्या टी सेल ऑपरेशनला वर्ष उलटून गेल्यावरही सापडल्या. हे २०१९ मध्ये छापून आलं.

या सेल बाहेर का पडत नाहीत? बाहेरच्या वाटेला लागायला एक रिसेप्टर लागतो, तो सीडी६९ नावाचं प्रोटीन सेलच्या पृष्ठभागावर टिकूच देत नाही. शिवाय बऱ्याच जणींवर सीडी१०३ असतं, ते श्वासमार्गाच्या अस्तराला धरून ठेवतं.

आता फ्लूच्या अँटीबॉडी मुख्यतः व्हायरसच्या बाहेरच्या प्रोटीनवर असतात आणि व्हायरस नेमकं तेच बदलत राहतो, पण टी सेल आतली न्यूक्लिओप्रोटीनसारखी फारशी न बदलणारी प्रोटीनं ओळखतात, त्यामुळे स्ट्रेन नवीन असला तरी इन्फेक्शन होईल कदाचित, पण ते लवकर आवरतं.

वाईट एवढंच वाटतं की ही फौज टिकत नाही. त्वचेत अशा सेल खूप काळ राहतात, उंदराच्या फुफ्फुसात मात्र फ्लूनंतर काही महिन्यांतच ओसरतात. त्या बऱ्याचदा जखम भरून येत असलेल्या जागांभोवती सापडतात, आणि फुफ्फुस पूर्ववत होत गेलं की ती जागाच उरत नाही, असं त्याचं एक स्पष्टीकरण आहे.

म्हणूनच नाकातून द्यायच्या लसींकडे एवढं लक्ष आहे, कारण दंडातल्या इंजेक्शनने अँटीबॉडी छान तयार होतात पण फुफ्फुसात मुक्काम करणाऱ्या सेल फारशा होत नाहीत, त्यांना अँटिजेन, म्हणजे व्हायरसचा ओळखायचा भाग, तिथेच भेटावं लागतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूसाठी २०१० मध्ये नाकातली लस आणलीच होती. पण नुसत्या सेल वाढवूनही भागत नाही, ॲलर्जीवर चिडणाऱ्या अशाच मुक्कामी टी सेल दम्याचा त्रास पुन्हा पुन्हा उकरून काढतात, त्यामुळे कोणत्या सेल बसवायच्या आणि किती, यावरच सध्या डोकं लावणं चालू आहे.