चुंबक पेशीला कसा ओढतो?

आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींना जगायला काहीतरी धरून ठेवावं लागतं. हे काम मुख्यतः इंटिग्रिन नावाची प्रथिनं करतात. ती पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली असतात: बाहेरचं टोक पृष्ठभागावरच्या प्रथिनांना पकडतं, आतलं टोक पेशीच्या सांगाड्याला, म्हणजे ॲक्टिनच्या तंतूंना जोडलेलं असतं. हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू तिथे रुजेल का, हे बरंचसं या पकडीवर ठरतं.

चुंबकाला मात्र पेशीत ओढण्यासारखं फारसं काही सापडत नाही. एमआरआय यंत्रातलं १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असतं, तरी त्यात झोपलेल्या माणसाच्या पेशी जागच्या हलत नाहीत. चुंबकीय गाद्या आणि कडी विकणारे रक्तातल्या लोहाचा हवाला देतात. पण हिमोग्लोबिनमधलं लोह खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही.

म्हणून संशोधकांनी बाहेरून चुंबकीय कण आणले. डीएनएची रचना उलगडण्याआधी फ्रान्सिस क्रिक केंब्रिजमध्ये कोंबडीच्या पेशींत असे कण घालून, ते चुंबकाने फिरवून पेशीद्रव किती घट्ट आहे हे मोजत होता. ते काम १९५० साली प्रसिद्ध झालं. १९९३ मध्ये निंग वांग, जेम्स बटलर आणि डोनाल्ड इंगबर यांनी रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशींना बारीक चुंबकीय मणी चिकटवले. त्यांच्यावर इंटिग्रिन पकडेल असा लेप होता. क्षेत्र लावून मण्यांना पीळ दिला, तशी पेशी ताठ होत गेली. पीळ वाढवला की ताठरपणाही वाढे. मला यातला सर्वांत सुंदर भाग पडताळणीचा वाटतो. तेच मणी इंटिग्रिनऐवजी पकडीशी संबंध नसलेल्या दुसऱ्या ग्राहकाला (पेशीच्या पृष्ठभागावरचं, ठरावीक रेणू पकडणारं प्रथिन) चिकटवले, तेव्हा पेशी ताठ झाली नाही. ओढ आत पोहोचते ती पकडीच्या वाटेने, हे इथे स्पष्ट दिसलं.

हाच विचार उलटा करून पृष्ठभागच चुंबकीय करता येतो. लोहाची पूड मिसळलेली मऊ जेल क्षेत्र लावताच कडक होते, काढताच पुन्हा मऊ. रसायन तेच, पेशी त्याच, बदलतो फक्त कडकपणा. त्यामुळे पेशीचं पसरणं आणि आक्रसणं नेमकं कशामुळे होतं, ते वेगळं काढून तपासता येतं.

कोलॅजेनची, म्हणजे त्वचा आणि हाडांत पेशींभोवती असणाऱ्या तंतुमय प्रथिनाची, गोष्ट निराळी आहे. त्यात लोह नसतं, आणि त्याच्या एका रेणूवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो. तंतू तयार होताना मात्र हजारो रेणू एका दिशेने जुळतात आणि परिणाम साठत जातो. काही टेस्लांच्या क्षेत्रात हे तंतू क्षेत्राला काटकोनात रचले जातात. त्या तंतूंवर पेशी सोडण्याआधीच चुंबक काढून घेतला तरी ती रचना टिकते, आणि पेशी तंतूंच्या दिशेने लांबत जातात.