विस्तृतपट्ट सूक्ष्मतरंग संकेतांचे अंशशोधित मापन

विस्तृतपट्ट सूक्ष्मतरंग संकेतांचे अंशशोधित मापन : एकाच वेळी अनेक कंप्रता व्यापणाऱ्या सूक्ष्मतरंग संकेताचे मूळ मानकांशी जोडता येईल असे मोजमाप. सूक्ष्मतरंगांचा पल्ला सामान्यतः 300 मेगाहर्ट्झ ते 300 गिगाहर्ट्झ धरतात. खालची मर्यादा 1 गिगाहर्ट्झ मानणारेही आहेत.

अरुंद पट्ट्याच्या संकेताला दुरुस्तीचा एखादा गुणक पुरतो. पट्टा रुंदावला की उपकरणाची लब्धी (संकेत किती पट वाढतो ते प्रमाण) आणि विलंब कंप्रतेगणिक बदलतात व पडद्यावरचा स्पंद मूळ स्पंदाहून वेगळा दिसतो. म्हणून प्रत्येक कंप्रतेला परमप्रसर (तरंगाची कमाल उंची) आणि कला (आवर्तनातील तरंगाची स्थिती, अंशांत) या दोन्हींची दुरुस्ती लागते.

परमप्रसराचा आधार म्हणजे शक्तिमापन. सूक्ष्मतरंगाने तापलेल्या थर्मिस्टरचा (तापमानानुसार रोध बदलणाऱ्या घटकाचा) रोध पूर्ववत राखण्यासाठी त्यातील एकदिश विद्युत् शक्ती जितकी घटवावी लागते, त्यावरून सूक्ष्मतरंग शक्ती ठरते. थर्मिस्टरच्या धारकात होणारा शक्तीचा ऱ्हास उष्मामापकाने वेगळा काढतात. घटकावरून संकेत किती परततो व किती पलीकडे जातो, म्हणजे परावर्तन व पारगमन, हे नेटवर्क अ‍ॅनालायझर या उपकरणाने मोजतात. त्याच्या स्वतःच्या त्रुटींच्या प्रचलित गणिती प्रतिमानात 12 त्रुटिपदे असतात; ती ज्ञात घटक जोडून ठरवतात. एंगन व होअर यांनी 1979 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सरळ जोड, परावर्तक आणि ज्ञात संरोधाची रेषा एवढ्यावर काम भागते. मात्र रेषेतील कलाफरक साधारण 20 ते 160 अंशांत असावा लागतो, म्हणजे एक रेषा सुमारे 1:8 एवढाच पट्टा सांभाळते. त्याहून रुंद पट्ट्यासाठी अनेक रेषा घ्याव्या लागतात.

कलेचा प्रश्न अधिक अवघड, आणि मतभेद आहेत ते इथेच. 1990 च्या सुमारास नमुनाग्राही ऑसिलोस्कोपांसाठी (संकेताचे क्षणाक्षणाचे नमुने घेऊन त्याचा आकार दाखवणाऱ्या उपकरणांसाठी) ‘नाकाला नाक’ ही पद्धत पुढे आली. दोन ऑसिलोस्कोपांची प्रवेशद्वारे समोरासमोर जोडतात. एकाला स्थिर व्होल्टता दिली, की नमुना घेण्याच्या क्षणी त्याच्या प्रवेशद्वारातून एक स्पंद उलट बाहेर पडतो; तो दुसरा टिपतो. हा स्पंद त्या ऑसिलोस्कोपाच्या स्वतःच्या आवेग-प्रतिसादासारखाच (अत्यल्पकालीन स्पंदाला तो देतो त्या प्रतिसादासारखाच) असतो, असे गृहीत धरतात. तीन उपकरणे जोडीजोडीने मोजली, की प्रत्येकाचा प्रतिसाद सुटा होतो. युक्ती देखणी आहे. पण गृहीतक अंदाजे खरे असून कंप्रता वाढते तसे ते ढिले पडते, असा आक्षेप आहे. विद्युत्-प्रकाशीय नमुनाग्रहणाला असे गृहीतक लागत नाही : फेम्टोसेकंद लेसरने प्रकाशडायोडमधून स्पंद काढतात आणि लिथियम टँटॅलेटसारख्या स्फटिकात त्याच्या विद्युत् क्षेत्रामुळे प्रकाशाचे ध्रुवण किती बदलते ते पाहतात. 2000 नंतर राष्ट्रीय मापनसंस्थांचा कल याच पद्धतीकडे आहे. तोच अधिक ग्राह्य वाटतो. जुनी पद्धत पडताळणीपुरती उपयोगी पडते. अशा रीतीने अंशशोधित केलेला प्रकाशडायोड किंवा कंगवासदृश वर्णपट देणारा जनित्र हा मग प्रवासी मानक (एका प्रयोगशाळेतून दुसरीत नेता येणारे मानक) म्हणून इतर प्रयोगशाळांत वापरता येतो.

व्यवहारात त्रुटी बहुतेकदा जोडणीतून शिरतात. 3.5 मिमी. जोडणी ठरावीक पीळ देणाऱ्या पान्याने आवळतात, त्याआधी तिची तोंडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. मध्यवाहक आत-बाहेर सरकला, केबल वाकली, की कला बदलते : 30 गिगाहर्ट्झला हवेतील तरंगलांबी जेमतेम 10 मिमी., म्हणजे 1 मिमी.च्या फरकाला 36 अंश. म्हणून अंशशोधन झाल्यावर केबल हलवीत नाहीत.

समाक्ष जोडण्यांत (मध्यवाहकाभोवती नळीसारखा बाह्यवाहक असलेल्या) 1 मिमी. प्रकार साधारण 110 गिगाहर्ट्झपर्यंत चालतो. त्यापुढे बहुधा आयताकृती तरंगवाहक (धातूच्या पोकळ नळ्या) वापरतात. त्यांपैकी प्रत्येकाचा उपयुक्त पट्टा सुमारे 1:1.5 असल्याने एका जोडणीत सलग रुंद पट्टा मिळत नाही.