मांजर पाणी नेमकं पितं कसं?

मांजर वाटीशी बसून पाणी पीत असेल तेव्हा एकदा खाली वाकून, वाटीच्या कडेच्या उंचीवर डोळे आणून बघा. जिभेची लपलप चालू असते, पण हनुवटी कोरडी आणि वाटीबाहेर थेंब नाही. शेजारी कुत्रा पीत असला तर एव्हाना फरशीवर तळं झालेलं असतं.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतले संशोधक रोमन स्टॉकर न्याहारी करता करता स्वतःच्या मांजराला असंच पाणी पिताना बघत होते, तेव्हा त्यांना हा प्रश्न पडला. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर अतिवेगवान कॅमेरा लावला आणि २०१० साली ‘सायन्स’ या शोधपत्रिकेत उत्तर प्रसिद्ध केलं. तोवर बहुतेकांची समजूत अशी, की मांजराच्या खरखरीत जिभेवरचे काटे पाणी धरून ठेवत असतील. प्रत्यक्षात त्या काट्यांचा इथे काही संबंधच नाही. मांजर जिभेचं गुळगुळीत टोक मागे वळवतं आणि त्याची वरची बाजू पाण्याला नुसती टेकवतं, बुडवत नाही. टेकताक्षणी जीभ झपकन वर जाते आणि तिला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब उभा राहतो. मिळालेल्या वेगामुळे पाणी वर चढत असतं, गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढत असतं. ही रस्सीखेच बरोबरीत येते नेमक्या त्या क्षणी मांजर तोंड मिटतं आणि खांबाचं वरचं टोक आत घेतं. जरा उशीर झाला की खांब तुटलाच. हे सगळं सेकंदाला साधारण चार वेळा चालतं आणि दर खेपेला पदरात पडतात जेमतेम थेंब-दोन थेंब. वाघ-सिंहांची रीतही हीच, फक्त जीभ मोठी असल्याने लय संथ.

कुत्रा जीभ डावासारखी मागे वळवून पाण्यात आपटतो. त्यामुळे तो डावाने पाणी उपसतो असं वाटतं, पण डावातलं बरंचसं पाणी वाटेतच सांडतं. त्याच्याही पोटात जातं ते मुख्यतः जिभेमागून उसळणाऱ्या खांबाचं पाणी. तंत्र एकच, कुत्र्याची तऱ्हा मात्र धसमुसळी.

पण एवढा खटाटोप कशाला? गाय-घोड्यांसारखं ओठ लावून सरळ ओढून का घेत नाहीत? कारण गाल. पाणी ओढायचं तर तोंड चहूबाजूंनी बंद करून आत पोकळी करावी लागते. कुत्र्या-मांजरांचा जबडा चावा घेण्यासाठी थेट मागपर्यंत फाकलेला असतो. गाल अपुरे, त्यामुळे बाजूंनी हवा शिरते. मग त्यांची पिल्लं आईला लुचतात ती कशी? जीभच स्तनाग्राभोवती गुंडाळून. ताटलीतल्या पाण्याला जीभ अशी गुंडाळता येत नाही.

पक्ष्यांमध्येही असे दोन तट आहेत. कोंबडी चोचीत घोट घेऊन मान वर करते, म्हणजे पाणी आपसूक घशात उतरतं. कबुतर मात्र चोच बुडवून सलग पीत राहतं. आणि हत्ती सोंडेने पितो हे अर्धंच खरं. सोंड म्हणजे नाक. त्यात ओढलेलं पाणी तो तोंडात ओततो. लहान पिल्लाला सोंड वळवायचं हे कसब आलेलं नसतं, म्हणून ते सरळ खाली वाकून तोंडानेच पाणी पितं.

उंटाची गोष्ट वेगळी. त्याची खरी करामत पाणी तोंडात गेल्यानंतरची आणि त्याहून जास्त, पाणी न मिळतानाची. मदारीत पाणी नसून चरबी असते, हे आता बहुतेकांना माहीत असतं. मग तहान तो सोसतो कशी? क्नूट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात सहारात जाऊन हे मोजलं. तहानलेला उंट दिवसा घाम गाळून अंग थंड ठेवण्याच्या फंदात पडत नाही, तापू देतो. पहाटे ३४ अंश सेल्सिअस असलेलं शरीर दुपारी ४० च्या पुढे जातं आणि साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात फुकटात निघून जाते. एवढ्या एका युक्तीने मोठ्या उंटाचं दिवसाला सुमारे पाच लिटर पाणी वाचतं. आपल्याला तेवढा ताप चढला तर आपण अंथरूण धरू! शिवाय वजनाच्या २५ टक्के पाणी गमावूनही त्याचं रक्त फारसं घट्ट होत नाही, कारण तूट प्रामुख्याने पेशींमधून आणि आतड्यांतून भरून काढली जाते.

मग पाणी दिसलं की तो दहाएक मिनिटांत शंभर लिटर रिचवू शकतो. इतकं पाणी रक्तात उतरलं तर दुसऱ्या प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुगून फुटतील. उंटाच्या पेशी इतर सस्तन प्राण्यांसारख्या गोल नसून लंबगोल असतात आणि दुपटीहून जास्त फुगल्या तरी टिकतात.

मोठ्यांचं असं भागतं, पण वाळवंटातल्या पिल्लांचं काय? पखुर्डी (सँडग्राउज) या पक्ष्याची घरटी पाणवठ्यापासून कित्येक किलोमीटर दूर असतात आणि पिल्लांना उडता येत नाही. १८९६ मध्ये मीड-वाल्डो या पक्षी-अभ्यासकांनी पिंजऱ्यातल्या पखुर्डीचं निरीक्षण करून लिहिलं, की नर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी आणतो. पुष्कळांना ती थाप वाटली. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या पक्षी-अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हा कुठे शंका फिटली.

या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असताना स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात. ओले झाले की उलगडून उभे राहतात आणि त्यांच्या दाट जाळ्यात पाणी अडकतं. नर पाण्यात बसून पोट हलवत राहतो आणि सुमारे २५ मिलिलिटर पाणी भरून घेतो. वाटेत उन्हावाऱ्याने बरंच उडून जातं. उरलेलं घेऊन तो उतरतो आणि ताठ उभा राहून पोटाची पिसं फुलवतो. पिल्लं धावत येऊन त्याच्या पोटाखाली शिरतात आणि एकेक पीस चोचीत धरून निपटून घेतात.