भुताचा किस्सा वेगळा, भयकथा वेगळी

एका स्वतंत्र लेखकाच्या भयकथा मी हल्ली भेटेल त्याच्या हातात कोंबतोय. ना प्रकाशक, ना जाहिरात. गडी स्वतःच लिहितो, स्वतःच ई-बुक काढतो, थोड्या प्रती छापून कुरिअरने पाठवतो. पुस्तक परत करणारा आमच्या खानदेशातल्या चोपड्याचा असो की शिरपूरचा, अहिराणीत प्रश्न ठरलेला: "हाई खरंच घडेल शे का भो?" (हे खरंच घडलंय का?) नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. त्याला हवा होता भुताचा किस्सा आणि मी दिली भयकथा. दोन्हीत भूत असतं, दोन्ही रात्रीच रंगतात, म्हणून ही गल्लत होते.

किस्सा आपल्याकडे कुणाला शिकवावा लागत नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी असते, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून होतात, जेवणं आटोपतात आणि कुणीतरी सुरू करतं, "मन्हा मामानी सोताना डोयाघाई देखं." (माझ्या मामाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.) हा मामा फार महत्त्वाचा. किस्सा त्याच्या साक्षीवर उभा असतो. सांगणाऱ्याने स्वतः काही पाहिलेलं नसतं, पण विहीर कोणती, साल कोणतं, तेव्हा बैलजोडी कुणाची होती हे त्याला पक्कं ठाऊक असतं. भुतंही नेमून दिलेली. मुंजा पिंपळावर, हाडळीचे पाय उलटे, बांधावर तंबाखू मागणारा माणूस वर्षभरापूर्वीच वारलेला. कुणी नवंच भूत काढलं तर ऐकणारेच हरकत घेतात.

फरक समजायला चकवा घेऊ. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात तो सगळ्यांच्या ओळखीचा. शेतीपंपाला रात्रीची लाइट असली की माणूस पाणी सोडायला एकटाच बागेत जातो. एक ओळ दुसरीसारखीच, डोक्यावर पानांचं छत, आभाळ दिसत नाही. वाट चुकते, फिरून फिरून त्याच जागी येतो, उजाडल्यावर सुटतो. किस्सा इथे संपला: चकवा लागला होता. (2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहारात चालायला लावून पाहिलं. सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की आपण सरळ जातोय असं समजत ती गोल फिरू लागली. भरीत पार्टीत हे सांगू नये, पुढच्या वेळी बोलावणं येत नाही.)

माझ्या लेखकाने हाच चकवा घेतलाय. पहिली काही पानं नुसता मोटारीचा आवाज. तो उजवीकडून येत असतो. माणूस कुठेच वळत नाही, तरी थोड्या वेळाने आवाज डावीकडून येऊ लागतो. मग लाइट जाते, लांबचे गावातले दिवे विझतात आणि मोटारीचा आवाज मात्र चालूच राहतो. पहाटे तो कसाबसा घरी पोचतो. बायको दार उघडते आणि म्हणते, "आत्ता तर झोपला होतात, बाहेर कधी गेलात?" बस, कथा खलास. भूत एकदाही दिसत नाही. शेवट फोडला, पण या कथेचं त्याने काही बिघडत नाही. दुसऱ्या वाचनात ती मोटार जास्त छळते.

किस्स्यात मामा जिवंत परत आलेला असतो, नाहीतर सांगितलं कुणी? त्यामुळे कितीही घाबरलात तरी सुटका आधीच ठरलेली. कथेला मामा नसतो, म्हणून तशी हमीही नसते. दुसरी गोष्ट विश्वासाची. किस्स्याची सगळी ताकद "असेल का खरं?" या शंकेत असते, भुताखेतांना न मानणारा माणूस तो हसून सोडून देतो. भयकथा त्या माणसालाही सोडत नाही. मी भूत मानत नाही, पण ती कथा वाचली त्या रात्री गच्चीवरच्या टाकीची मोटार बंद करायला पोराला पाठवलं.

नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) वाचत मोठं झालेल्यांना हे नवं नाही. नवं आहे ते पुस्तक हातात येण्याची वाट. 2016 च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं येऊ लागली आणि प्रकाशकाच्या होकाराची वाट न पाहता छापील पुस्तकाच्या शेजारी जाऊन बसता येऊ लागलं. संपादक नसल्याच्या खुणा मात्र पानोपानी दिसतात. माझ्या लेखकाचे ऱ्हस्व-दीर्घ भुतापेक्षा भीतिदायक आहेत.

किस्सा आणि भयकथा या दोन्हींहून वेगळं प्रकरण श्रद्धेचं. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, दिवाळीत तिथे यात्रा भरते. जखमेला तेल मागत अश्वत्थामा या डोंगरांत फिरतो, चुकलेल्याला वाट दाखवतो, असं मानतात. तिकडे बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावरही त्याचंच नाव घेतात. किस्सेवाला यातून भेट उचलेल: कुणाला दिसला, कुठल्या वळणावर. भयकथाकाराने महाभारताकडे जावं. रात्री झोपलेल्यांना कापून काढणाऱ्या या माणसाला कृष्णाचा शाप आहे तो 3,000 वर्षं एकट्याने भटकण्याचा, अंगाला रक्त-पुवाची दुर्गंधी आणि बोलायला कुणीही नाही. यात्रेकरूंची श्रद्धा मात्र दोघांनीही भीती विकायला वापरू नये.

उरली "सत्य घटनेवर आधारित" ही पाटी. तिने पुस्तक खपतं, व्हिडिओ चालतो, आणि नव्या लेखकाला तिचा मोह पडणारच. पण ही पाटी लावली की कथेला पुन्हा मामा चिकटतो. किस्सा नेहमीच निरुपद्रवी नसतो. पिंपळावरच्या मुंजाला घरदार नाही. पण गावात जिला डाकीण म्हणतात तिला घर असतं, नाव असतं, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात अशा बायांना मारहाण झाल्याच्या बातम्या अजून येतात. महाराष्ट्राने 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला, त्यात सहा महिने ते सात वर्षं कैदेची तरतूद आहे, ती उगाच नाही. कथेतली हाडळ कुणाच्याच दाराकडे बोट दाखवत नाही. माझ्या लेखकाच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच बारीक अक्षरात छापलेलं असतं, "यातलं काहीही घडलेलं नाही." मला विचाराल तर ते मुखपृष्ठावर, नावापेक्षा मोठ्या टायपात घ्यायला हवं.