द्राक्षांवरची पांढरी झाक म्हणजे औषध नव्हे

फेब्रुवारी उजाडला, निफाड-दिंडोरीची द्राक्षं नाशिकच्या हातगाड्यांवर आली, की तो मेसेज पुन्हा फिरू लागतो: ‘मण्यांवरची पांढरी पावडर म्हणजे विषारी औषध, चकचकीत द्राक्षंच घ्या.’ हे चूक आहे, आणि यात बागाईतदाराचं विनाकारण नुकसान होतं.

ती झाक वेलीनेच तयार केलेल्या मेणाची असते. द्राक्षाच्या सालीवर मेणाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांचा थर असतो. त्यामुळे मण्यातलं पाणी लवकर उडत नाही, बुरशीलाही थोडा अटकाव होतो. या मेणातला मोठा वाटा ओलिॲनोलिक आम्ल या वेलीतच तयार होणाऱ्या घटकाचा.

मग पांढरं का दिसतं? मेणाला स्वतःचा पांढरा रंग नसतो. पापुद्रे वेडेवाकडे उभे असतात, त्यांच्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. साखरेचा खडा पारदर्शक, पण पिठीसाखर पांढरी, तसंच. शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाच्या जातीचा एक मणी अंगठ्याने चोळून बघा: पापुद्रे चेपले जातात आणि तेवढीच जागा काळी, चकचकीत होते. काळ्या सालीवर हा फरक अगदी ठसठशीत दिसतो. म्हणूनच जाणकार तोडणीवाले घड देठाला धरतात. झाक शाबूत असलेला घड कमी हाताळलेला असतो, मी तोच निवडते.

फवारणीचे डाग वेगळे: थेंबांच्या खुणा, बुरशीवर फवारतात त्या मोरचूद-चुन्याचे निळसर ठिपके. मात्र औषधाचा अंश डोळ्यांना दिसेलच असं नाही. त्यामुळे द्राक्षं चकचकीत असोत वा पांढरट, वाहत्या पाण्याखाली नीट धुवाच.