पिगीबॅक ट्यूनर

मोटारीच्या इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या मधल्या वायरिंगमध्ये बसवली जाणारी इलेक्ट्रॉनिक पेटी. तिला ट्यूनिंग बॉक्स असेही म्हणतात. रिमॅप या दुसऱ्या पद्धतीत ईसीयूचा मूळ प्रोग्रॅमच बदलतात. ही पेटी त्याला हात न लावता सेन्सरकडून येणारा आकडा बदलून पुढे पाठवते.

टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असलेल्या पेट्रोल इंजिनात मॅनिफोल्डमधला, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीतला, खरा दाब १.८ बार असताना पेटीने १.६ कळवला, की ईसीयू उरलेला दाब टर्बोकडून मागून घेतो. हवा वाढली की ऑक्सिजन सेन्सरच्या आधाराने पेट्रोलही वाढते. कॉमन रेल डिझेलमध्ये (यात ‘रेल’ या एकाच नळीतून सर्व सिलिंडरांना उच्च दाबाचे डिझेल मिळते) बहुधा रेलचा दाब कमी दाखवतात. ईसीयू तो चढवतो आणि प्रत्येक फवाऱ्यात जास्त डिझेल जाते. टर्बो नसलेल्या इंजिनात वाढवायला दाबच नसल्याने फायदा नगण्य. ओबीडी पोर्टमध्ये (गाडीच्या तपासणीसाठीचे सॉकेट) खोचायच्या स्वस्त ‘पॉवर चिप’ सेन्सरच्या वायरींना जोडलेल्याच नसतात, त्यामुळे त्यांना पिगीबॅक म्हणू नये.

वाढलेली ताकद येते ती कंपनीने राखून ठेवलेल्या मोकळिकीतून. उष्ण हवामान, हलक्या प्रतीचे इंधन, घाटातला पूर्ण भार आणि लाखभर किलोमीटरची झीज धरून कंपनी इंजिन मर्यादेच्या आत चालवते. पेटी तीच मोकळीक खर्च करते. पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटून ठोके बसण्याचा) धोका वाढतो, तर डिझेलमध्ये धूर आणि एक्झॉस्टचे तापमान. बीएस-६ डिझेल गाड्यांचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) लवकर तुंबू शकतो. अनेकदा सर्वांत आधी क्लच हार मानतो. शिवाय ईसीयूला खरा दाब कळतच नसल्याने त्याची संरक्षक मर्यादाही उशिरा लागू होते, आणि हा या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष आहे.

वॉरंटीच्या बाबतीत अमेरिकेत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा लागू होतो. केवळ बाहेरचा भाग बसवला म्हणून कंपनीला सरसकट वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला हे दाखवावे लागते. बीएमडब्ल्यू ३३५आयचे एन५४ हे जुळ्या टर्बोंचे इंजिन पिगीबॅकवाल्यांचे फार आवडते. त्याचा हाय-प्रेशर इंधन पंप पेटी नसलेल्या गाड्यांतही बिघडत असे, आणि कंपनीने अमेरिकेत त्याची वॉरंटी १० वर्षे किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली. अशा पंपाचा दोष पेटीवर ढकलणे कठीण. जळालेला टर्बो किंवा फुटलेला पिस्टन मात्र मालकाच्या अंगाशी येऊ शकतो. खिडकीची काच वर-खाली करणाऱ्या मोटरला किंवा एसीला त्या पेटीशी देणेघेणे नसते.

भारतात वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी निर्णायक ठरतात, आणि फेरफार केलेल्या भागांना त्या सहसा वगळतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलांशी विसंगत बदलांना मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्व्हिसिंगपूर्वी पेटी काढून ठेवणारे बरेच आहेत, पण ईसीयूत साठलेले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) आणि कनेक्टरवरच्या खुणा तंत्रज्ञाच्या नजरेत येऊ शकतात.