‘किती दिवस आजारी?’ या रकान्यात ‘अचानक’

आपल्याकडे कुणी विहिरीत पडून, वीज कोसळून किंवा काही कळायच्या आत मेलं, की पोलीस ‘अकस्मात मृत्यू’ची नोंद करतात, पंच बोलावतात आणि प्रेताचा पंचनामा होतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात हे काम कोरोनर करी. १८७१च्या कायद्याखाली मुंबईतही कोरोनर होता आणि ते पद विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकलं. साउथ कॅरोलायनातला कोरोनर डॉक्टर असण्याची गरज नव्हती. तो आसपासचे डझनभर पुरुष गोळा करी. ते प्रेत पाहत, साक्षी ऐकत आणि मरणाचं कारण ठरवत. अंगावर जखम नाही, विषाचा संशय नाही, मग मेला कशानं? अशा वेळी आपण ‘देवाज्ञा झाली’ म्हणतो त्याच अर्थाचा निकाल ते कागदावर लिहीत आणि घरी जात.

या राज्यात सव्हाना नदीच्या काठाला एजफिल्ड नावाचा परगणा आहे. तेव्हा तो कापसाचा मुलूख होता आणि यादवी युद्धाआधी तिथली निम्म्याहून अधिक माणसं गुलाम होती. तापट, हात उगारायला न कचरणाऱ्या माणसांचा परगणा अशी त्याची ख्याती होती. ती ज्याच्यामुळे देशभर गेली तो प्रेस्टन ब्रुक्स इथलाच. १८४० साली लुई विगफॉल या दुसऱ्या एजफिल्डकराशी त्याचं द्वंद्व झालं. खुब्यात गोळी बसली आणि पुढे आयुष्यभर त्याला काठी टेकत चालावं लागलं. २२ मे १८५६ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये चार्ल्स सम्नर हे गुलामगिरीविरोधी सदस्य बाकावर बसून लिहीत होते. ब्रुक्सनं काठी मोडेपर्यंत त्यांच्या डोक्यात घातली. सम्नर यांना पूर्ण वेळ कामावर परतायला तीन वर्षं लागली. ब्रुक्स मात्र आठ महिन्यांतच, वयाच्या ३७व्या वर्षी, वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात गेला. गोळी नाही, सुरी नाही. घसा सुजला आणि श्वास कोंडला, एवढंच कारण.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या माणसाला अपमान इतका का झोंबतो, हा प्रश्न प्रयोगशाळेतही गेला. मिशिगन विद्यापीठात रिचर्ड निस्बेट आणि डव्ह कोहेन या मानसशास्त्रज्ञांच्या गटानं एक प्रयोग केला. तो १९९६ साली प्रसिद्ध झाला. अरुंद बोळातून जाणाऱ्या विद्यार्थ्याला संशोधकांचाच माणूस खांद्यानं धक्का देई आणि वर शिवीही हासडी. आधी आणि नंतर घेतलेल्या लाळेच्या नमुन्यांतून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं गेलं. अपमान झालेल्या दक्षिणी तरुणांमध्ये ते सरासरी ७९ टक्के वाढलं, उत्तरेकडच्या तरुणांमध्ये ३३ टक्के. ज्यांना कुणी डिवचलं नव्हतं त्यांच्यात दोन्हीकडे ती वाढ ४० टक्क्यांच्या आसपास होती. संशोधकांनी या फरकाचं मूळ स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या गुराख्यांच्या रीतीत शोधलं. गुरं एका रात्रीत चोरता येतात, म्हणून मालकाला आपला दरारा सतत राखावा लागतो. मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. ज्या समाजात मालकाच्या हातातला चाबूकच कायदा असतो, तिथे हात उगारायची सवय लहानपणापासूनच लागते. त्यासाठी गुराख्यांपर्यंत मागे जायला नको. शिवाय ते तरुण विसाव्या शतकातले, एकाच विद्यापीठातले आणि सगळे गोरे होते. त्यांच्या लाळेवरून १८४०च्या माणसाचं मन कितपत वाचावं?

त्यापेक्षा बंदुकीची दारू जास्त सांगून जाते. जुनी काळी दारू हवेतली ओल धरते आणि नळी गंजवते, त्यामुळे बंदूक भरून ठेवणं परवडत नसे. डोक्यात राग असेपर्यंत ती भरून होत नसे. इतिहासकार रँडॉल्फ रॉथ यांनी या साध्या गोष्टीकडे लक्ष वेधलं आहे. चकमकीच्या ठिणगीऐवजी टोपीनं पेटणारी पिस्तुलं आली, १८३६ साली कोल्टनं फिरत्या चेंबरच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं आणि खिशात भरलेलं हत्यार बाळगता येऊ लागलं. त्यात पोटात गेलेली शिशाची गोळी सोबत मळक्या सदऱ्याची चिंधीही आत नेई. आतडं फुटलं की पोटात पू होऊन माणूस चार-सहा दिवस तळमळून मरे. सर्जन जोसेफ लिस्टरनं जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली तीच १८६७ साली. त्या काळच्या नोंदींत ‘खून’ ठरलेली अनेक भांडणं आज इस्पितळातच मिटली असती, म्हणून तेव्हाचे आणि आजचे खुनांचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत.

पंचनाम्याचे कागद चाळताना हेही सतत लक्षात ठेवावं लागतं, की ते सगळ्यांसाठी सारखे लिहिलेले नाहीत. साउथ कॅरोलायनात १८२१पर्यंत गुलामाच्या हेतुपुरस्सर खुनाला दंड होता, फाशी नव्हती. त्या साली कायद्यात फाशी आली, पण गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष कोर्टात चालत नसे. मळ्यावरच्या मारहाणीचे साक्षीदार बहुधा गुलामच असत, तेव्हा त्या फाशीला अर्थ किती उरला हे उघड आहे. गुलामगिरी संपल्यावर काही काळ चित्र पालटलं. पूर्वी एजफिल्डमध्ये असलेल्या हॅम्बुर्ग गावी जुलै १८७६मध्ये गोऱ्या टोळ्यांनी काळ्या नागरी सैनिकांना पकडून गोळ्या घातल्या. त्या मृत्यूंची चौकशी प्रिन्स रिव्हर्स यांनी केली. ते स्वतः एकेकाळी गुलाम होते. पंचांनी ९४ गोऱ्यांवर ठपका ठेवला. खटला एकावरही उभा राहिला नाही.

पण द्वंद्वं, दंगली आणि काठ्या बाजूला ठेवल्या, तरी अचानक येणाऱ्या मरणांचा मोठा ढीग उरतोच. उघड्या चुलीपाशी सुती कपडे पेटत, माणसं नदी उतरताना बुडत, शेतात वीज पडे. आणि तान्ही मुलं मरत. मला या शेवटच्या नोंदींपाशी थांबायचं आहे.

१८५०पासून अमेरिकेच्या जनगणनेत मृत्यूंचा वेगळा तक्ता असे. १ जूनला संपणाऱ्या वर्षात कोण मेलं, वय काय, वर्ण कोणता, स्वतंत्र की गुलाम, महिना कोणता, कारण काय आणि किती दिवस आजारी. गुलाम बाळांच्या ओळीत पुन्हा पुन्हा एकच कारण येतं: गुदमरून, आईच्या अंगाखाली दबून. इंग्रजीत त्याला ‘ओव्हरलेड’ म्हणत. शब्द बायबलमधला, शलमोन राजापुढे भांडणाऱ्या दोन आयांपैकी एकीचं बाळ असंच रात्री तिच्या अंगाखाली गेलेलं असतं. गोऱ्या बाळांच्या नावापुढे हे कारण फारच कमी वेळा दिसतं. मळेवाल्यांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी अर्थ काढला, की या बाया निष्काळजी आहेत, मेल्यासारख्या झोपतात आणि पोटच्या पोराला चेंगरतात. काहींना तर जाणूनबुजून मारल्याचा संशय होता.

१९७०च्या दशकात टॉड सॅव्हिट यांनी आणि १९८१मध्ये मायकेल जॉन्सन यांनी, दोघंही इतिहासकार, या नोंदी वेगळ्या नजरेनं पाहिल्या. आई झोपेत बाळाला दाबत असेल, तर सर्वांत जास्त धोका पहिल्या काही आठवड्यांत हवा, कारण तेव्हा बाळ सर्वांत दुबळं असतं. नोंदींत मात्र मृत्यू पहिल्या महिन्यात कमी आहेत, पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते वाढतात आणि मग उतरतात. थंडीत ते जास्त आहेत. वय आणि ऋतू यांची हीच ठेवण आज ‘सडन इन्फंट डेथ सिंड्रोम’, म्हणजे तान्ह्या बाळाचं झोपेत अचानक, कारण न सापडता येणारं मरण, म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मृत्यूंची आहे. हे नाव १९६९ साली ठरलं. अशा बाळांमध्ये मेंदूच्या देठातली जाग आणणारी यंत्रणा कच्ची असावी असं मानतात. नाकाशी कार्बन डायऑक्साइड साचला, की इतर बाळं चुळबुळतात, मान वळवतात, रडतात. हे बाळ उठतच नाही. कमी वजनाच्या बाळांना हा धोका जास्त.

आणि गुलाम बाळांचं वजन? ते कुणी मांडून ठेवलं नव्हतं. पण आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर १८०८पासून बंदी आली, तेव्हा किनाऱ्यानं जाणाऱ्या जहाजांना गुलामांची उंची, वय आणि लिंग लिहून द्यावं लागे. आर्थिक इतिहासकार रिचर्ड स्टेकल यांनी त्या याद्यांतून मुलांच्या उंच्या काढल्या. लहान मुलं आजच्या वाढीच्या तक्त्यात अगदी तळाला सापडली. इतकी खुजी मुलं जन्मतः सरासरी अडीच किलोंहूनही हलकी असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. गरोदर बाई बाळंतपण जवळ येईपर्यंत कापसाच्या शेतात राबत असे आणि काही आठवड्यांत पुन्हा तिथेच जात असे. तिचा दोष कुठे होता?

प्रत्येक नोंदीला हेच उत्तर लागू आहे, असं म्हणता येणार नाही. काही बाळं खरंच अंथरुणात गुदमरली असतील. आजही नुसत्या शवविच्छेदनावरून हे दोन मृत्यू एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. म्हणून अमेरिकेत असं बाळ दगावलं, की तपास करणारे घरी जातात आणि आईच्या किंवा सांभाळणाऱ्याच्या हातात एक बाहुली देतात. बाळ कसं निजवलं होतं, तोंड कुठे होतं, पांघरूण कुठवर होतं आणि ते सापडलं कसं, हे बाहुली ठेवून दाखवायला सांगतात. १८६०मध्ये जनगणनेचा कारकून मळ्यावर येई, तेव्हा बाळ कशानं मेलं हा प्रश्न बाळाच्या मालकाला विचारला जाई.